लोणारात भिजवलेल्या माश्या

"बाहेर काढ! गज्या, बाहेर काढ बे ते सगळं! काय होऊन राह्यलं हे?"

बाबा लोणारच्या सरोवराच्या काठाशी पोटरीभर राखाडी चिखलात उभे राहून ओरडत होते. लोणार म्हणजे देवाने ठोसा मारून पाडलेला खड्डा. चारी बाजूंनी उंच कडा आणि तळाशी हिरवट खारं पाणी. तिथे एक माणूस ओरडला की आवाज कडांवर आपटून परत येतो, त्यामुळे मला वाटत होतं की बाबांची अख्खी पलटण चहूबाजूंनी माझ्यावर खेकसते आहे. त्या आवाजाने झाडीतले मोर उडाले, माकडं फांद्या सोडून वर पळाली, आणि देवळातला पुजारी पूजा टाकून बाहेर आला. मी तारेचं टोक धरून ओढत होतो. त्या तारेला आम्ही माश्या अडकवल्या होत्या आणि दगड बांधून त्या सकाळपासून पाण्यात सोडल्या होत्या. पहिली वर आली तेव्हा तिच्यावरचे शेळीचे केस गळून गेलेले, दोरा शेवयांसारखा लोंबणारा. दुसरीचा नुसता गळ. तिसरीवर एकच पीस, तेही हात लावताच निसटलं. बाबांनी तार माझ्या हातून हिसकली, शेवटपर्यंत ओढली, आणि मग ओरडायचे थांबले. ते थांबले तेव्हा मला खरी भीती वाटली.

माश्या म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही बापलेकांनी हलवायाच्या दुकानातल्या माश्या धरून लोणारात जीव द्यायला नेल्या होत्या. बाबा फौजेत नाईक होते. त्यांच्या पलटणीतला एक गोरा मेजर सुट्टी मिळाली की नदीवर जाई आणि गळाला गांडूळ लावायच्या ऐवजी पिसं आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावी. ती पाण्यावर नाचवली की मासा फसतो आणि झडप घालतो. ती बांधायची विद्या बाबांनी त्याच्याकडून उचलली, आणि मेजर विलायतेला गेला तेव्हा टेबलाला लावायची छोटी लोखंडी पकड आणि गळांचा डबा घेऊन बाबा मेहकराजवळच्या आमच्या गावी आले. गाव पैनगंगेच्या काठावर. बाबांच्या माशीवर असे मरळ लागत की एकदा एक बाहेर काढला तेव्हा नदीचं पाणी वीतभर खाली गेलं आणि खालच्या गावातल्या बायका घागरी घेऊन भांडायला आल्या. माझी बायको म्हणते, हे खोटं आहे. तिने तो मरळ पाहिलेला नाही.

घरात या माश्यांचा खरा शत्रू एकच होता, आमचा तांबडा कोंबडा. माशीला त्याच्या मानेची पिसं लागत. बाबांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं होतं. फौजेत जो हुद्दा त्यांना मिळाला नाही तो त्यांनी कोंबड्याला दिला, आणि मग रोज त्याची मान उपटली. हवालदार मला पाहिलं की विहिरीच्या कठड्यावर चढून आत डोकावायचा. माय म्हणायची, "लोकं घरातल्या माश्या हाकलतात, तुम्ही बापलेक बसून बांधता." पण ती म्हणायची ते हसत. तिचा आवाज घरभर फिरायचा. जातं, उखळ, चुलीत फुंकणी, आणि उन्हाळ्यात पापडाच्या लाट्यांवर पडणारं लाटणं. आमच्या घरचे पापड जानेफळच्या बाजारापर्यंत नावाजलेले होते. चुलीमागच्या फळीवर दोन सारख्याच बरण्या असत, एक मिठाची आणि एक पापडखाराची. हा खार लोणारकडूनच येई. पीठ भिजवायच्या आधी माय हातातल्या लाखेच्या बांगड्या काढून खुंटीला अडकवायची, मगच खाराच्या पाण्यात हात घालायची. हे मी जन्मल्यापासून पाहत होतो, जसं खुंटीला बांगड्या पाहत होतो, जसं दाराला कडी पाहत होतो.

माशी बांधायला मी बसलो तो दहावीत गटांगळी खाल्ल्यावर. बाबांचे डोळे अधू होत चालले होते आणि माझी बोटं रिकामी होती. पकडीत गळ धरायचा, मेण लावलेला रेशमी दोरा फिरवायचा, अंगाला मोराचं पीस, गळ्याशी हवालदाराचं पीस उभं गुंडाळायचं, म्हणजे पाण्यावर पाय पसरून बसलेला किडा दिसतो. शेवटी मेजरसाहेबाची खास पद्धत. दोऱ्याला गाठ मारायची नाही, गाठीने माशीचं डोकं जाड होतं. टोक नुसतं वेढ्याखाली दाबायचं आणि वर सुताराकडची लाख स्पिरिटात विरघळवून तिचा थेंब सोडायचा. लाख वाळली की माशी घट्ट. बाबा ही पद्धत अशी सांगत जणू राणीच्या मुकुटातले हिरे असेच बसवलेत. माझ्या माश्यांवर डाक बंगल्यात उतरणारे साहेब लोक खूश असत, आणि त्यातले एक पाटबंधाऱ्याचे इंजिनियर साहेब माझ्यावरही खूश होते. पुढे त्यांची बदली झाली ती थेट रत्नागिरीकडे, बंदराच्या कामावर.

बदलीनंतर एकदा ते साहेब कामासाठी बुलढाण्याला चालले होते. वाटेत जीप थांबवून आमच्या ओसरीवर बसले आणि खिशातून एक माशी काढून माझ्या तळहातावर ठेवली. बोटाएवढी लांब, पांढरी, चकचकीत. "ही समुद्राची," ते म्हणाले. "नदीची माशी म्हणजे किडा असतो. समुद्रातला मोठा मासा किड्यांकडे बघत नाही, तो लहान मासे खातो. तेव्हा तुला किडा नाही, मासा बांधायचाय. आणि खाऱ्या पाण्यात ती टिकली पाहिजे." मग त्यांनी कथिलाचा मुलामा दिलेल्या मोठ्या गळांची डबी पुढे केली. "बंदराच्या वर्कशॉपात बारीक कामाला हात हवा आहे. मी बुलढाण्याहून परत येईन तेव्हा या डबीतल्या गळांवर मला समुद्राच्या माश्या दाखव. टिकाऊ निघाल्या तर त्याच जीपमध्ये बस."

मी अजून हो म्हणायचा होतो तोच दारातून मायचा आवाज आला. "त्याच्या मामाचं बोलणं झालं हाये खामगावले. तेलाच्या गिरणीत."

ते खरं होतं. किसनमामा खामगावच्या एका तेलगिरणीत मुकादम होता आणि माझ्यासाठी घाण्यावर जागा धरून बसला होता. तो मला न्यायला यायचा होता, आणि नेमका त्याच सुमाराला साहेबही परत यायचे होते. म्हणजे माझ्या आयुष्याचे दोन रस्ते एकाच ओसरीवर येऊन थांबणार होते, एक जीप आणि एक एस.टी. मी खामगावची गिरणी पाहिली होती. तिथल्या माणसांना ढेपीचा असा वास येई की रस्त्याने जाताना म्हशी त्यांच्या मागे लागत. समुद्र मी पाहिला नव्हता, आणि म्हणूनच मला तो पाहिजे होता. इतका की जेवताना ताटातल्या वरणातही लाटा दिसत.

"बाबा, तुम्ही तं समुद्र पाह्यला असन," मी विचारलं.

"ओलांडला," बाबा म्हणाले. "लढाईत बसऱ्याले गेलो तव्हा."

"कसा असते?"

"बादलीसारखा," ते म्हणाले. पूर्ण प्रवासभर त्यांचं तोंड ओकायच्या बादलीत होतं.

तेव्हा घरात समुद्राचा जाणकार कोणी नव्हता. मी बसलो आणि पहिली समुद्राची माशी बांधली. ती नदीच्या माशीला सूज आल्यासारखी झाली. दुसरी बांधली, ती भटजीच्या शेंडीसारखी. बोटांना किडा माहीत होता. दोरा हातात आला की ती आपोआप दाट पिसं चढवू लागत, पाय काढू लागत, पोट भरू लागत. साहेबांच्या नमुन्यावर जवळजवळ काहीच नव्हतं. चार केस, एक चमक, दोन डोळे. ते "जवळजवळ काहीच नाही" माझ्याकडून होईना. बाबा शेजारी बसून नमुना डोळ्यांशी नेत आणि म्हणत, "पोट्ट्या, कमी कर. अजून कमी कर." मी कमी करी आणि ते गळून पडे. एका दुपारी मी चिडून सगळं टाकलं आणि नदीवर गेलो. धुण्याच्या दगडावर पालथा पडून पाण्यात पाहत राहिलो. उथळ पाण्यात माशांची पिल्लं थव्याने फिरत होती. एकही पिल्लू धड दिसत नव्हतं. पाठ पाण्याच्या रंगाची, पोट पाण्याच्या रंगाचं, फक्त वळताना एक चकाकी आणि काळा टिपका डोळा. मी इतका वेळ पाहत राहिलो की धुणं घेऊन आलेल्या बायकांनी माझ्या पाठीवर चादर आपटायला घेतली होती.

घरी येऊन मी पांढऱ्या शेळीचे थोडेच केस घेतले. चमक आणायला काही मिळेना. तेव्हा बाबा उठले, पेटीतून लग्नाचा फेटा काढला, आणि त्याच्या पदराची जरतार दातांनी तोडून माझ्यापुढे ठेवली. माय चुलीशी होती. तिने ते पाहिलं आणि भाकर इतक्या जोरात थापली की परातीतलं पीठ उडालं. त्या संध्याकाळी पकडीतून जी माशी निघाली ती बाबांनी तळहातावर धरून हलवली आणि ती पोहली. मी शपथेवर सांगतो, पोहली. बाबांनी ती आपल्या फौजी टोपीला टोचली, मेजर टोचत असे तशी, आणि टोपी डोक्यावर घालून पाय आपटून सलाम ठोकला. हवालदाराला की मला, ते कळलं नाही.

पुढच्या दिवसांत मी डबीतले उरलेले गळ संपवले. माश्या तयार झाल्या, लाख वाळली. तेव्हा बाबांच्या मनात फौज जागी झाली. "तपासल्याबिगर माल द्यायचा नाई. खाऱ्या पाण्यात टिकते का ते पाहा लागन."

"खारं पाणी कुठी हाये आपल्याकडे?"

"काऊन? लोणार काय गोड हाये?"

याहून उघड गोष्ट जगात नव्हती. आमच्या मुलखात खारं पाणी म्हणजे लोणार. दोघंही इतके खूश झालो की ही युक्ती मायला मोठ्याने दोनदा सांगितली. एखादी भिजवून पाहू, मी म्हणालो, तर बाबा म्हणाले, एक काडतूस उडवून पेटी पास करत नसतात. मायने ऐकलं. पदराने हात पुसले, फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधला, आणि म्हणाली, "दिवस बुडायच्या आत परत या."

त्यानंतर तारेवर काय वर आलं ते आधीच सांगितलं आहे. परतीच्या एस.टी.त बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. टोपी गुडघ्यावर उपडी ठेवलेली. मी म्हटलं, रात्रीतून बसतो, नव्या बांधतो. ते म्हणाले, "काय फायदा? खाऱ्या पाण्यात माही बांधणी टिकत नाई, हे दिसलं. जे टिकत नाई ते साहेबाच्या हातात देनार नाई मी." 'माही बांधणी' म्हणाले, 'तुही' नाही. मला त्याचं जास्त लागलं. घरी पोचलो तर ओसरीवर किसनमामा चहा पीत बसलेला, आणि माझी पत्र्याची पेटी कोणीतरी भरून दाराशी ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी मामाने घाई लावली. "चाल बे भाच्या, बारानंतर एस.टी. नाई. घाणा वाट पाहून राह्यला तुही." मी पेटी उचलली आणि तेवढ्यात जीपचा भोंगा वाजला. साहेब उतरले ते थेट हात पुढे करून, "कुठे आहेत?" बाबांनी रिकाम्या गळांची डबी त्यांच्या हातात दिली आणि ताठ उभे राहिले, जसे कोर्ट मार्शलला उभे राहतात. "साहेब, खाऱ्या पाण्यात टिकल्या नाईत. तपासलं आम्ही. पोरगा खामगावले जाऊन राह्यला."

साहेबांनी डबी पाहिली. मग बाबांकडे पाहिलं. मग बाबांच्या डोक्याकडे.

"मग टोपीवर काय आहे?"

ती आम्ही सगळेच विसरलो होतो. बाबांनी टोपी काढली. साहेबांनी माशी सोडवून उजेडात धरली, फुंकर मारली. केस हलले आणि जरतार चमकली. त्यांनी ती बराच वेळ फिरवली. मामा म्हणाला, "साहेब, एस.टी.चा टाइम..." साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"ही भिजवली होती?"

"नाई," बाबा म्हणाले. "पण तीबी तशीच जाईन."

"बघू या की. वहिनी, एका पातेल्यात पाणी आणि चांगलं मूठभर मीठ द्या. माझं जेवण होईपर्यंत राहू दे त्यात. राहिली तर राहिली."

माय आत गेली. आम्ही ओसरीवर उभे. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग फळीवर एक बरणी सरकली, झाकण निघालं. मग काहीच आवाज नाही. माझी माय ही अशी बाई की ती नुसती श्वास घेत असली तरी शेजारच्या आळीत कळायचं, आणि आत इतकं शांत झालं होतं की हवालदार अंगणात पंजाने माती उकरत होता ते ऐकू येत होतं. मला वाटलं ती चक्कर येऊन पडली. झाकण परत बसलं. बरणी पुन्हा सरकली. पुन्हा एक झाकण निघालं. मग ती गंज घेऊन बाहेर आली, हाताने पाणी ढवळत. साहेबांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट," ते म्हणाले आणि माशी आत सोडली.

त्या दिवशी साहेब जेवले त्याहून सावकाश आजवर कोणी जेवलं नसेल. भाकर ते घासाघासाने नाही, दाण्यादाण्याने खात होते. माय वाढत होती, झुणका, ठेचा, भाजलेला पापड, आणि पापड कुरकुरत मोडला की मी दचकत होतो. माझे डोळे गंजावर. दर घासाला मला वाटे, आता एक केस सुटला, आता जरतार ढिली झाली. पाण्यावर एक पांढरा तंतू तरंगला तेव्हा मी ओणवा होऊन पाहिलं, तो गंजाच्या काठाला चिकटलेल्या फडक्याचा निघाला. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. मामा तीनदा उठला आणि तीनदा बसला, एस.टी. गावाबाहेर भोंगा वाजवून गेली ती त्याने ऐकली आणि मायकडे पाहिलं. माय ताटातला पापड संपला का ते पाहत होती.

साहेबांनी हात धुतले. माशी काढली, तिचा गळ दाराच्या कडीत अडकवला, केस चिमटीत धरले आणि जोर लावून ओढले. कडी वाजली. पुन्हा ओढले. दार हललं. मी म्हणणार होतो की घर हललं, पण आज खरं सांगायचं ठरवलं आहे, दारच हललं. माशी होती तशी होती, लाखेचा थेंब काचेसारखा.

"लोणारला गेला होतात का रे?" साहेब एकदम म्हणाले आणि हसायला लागले. हसत हसत त्यांनी माझी पेटी उचलून जीपमध्ये टाकली. बाबांनी टोपी डोक्यावर घातली, पण सलाम केला नाही, वळून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मामा म्हणाला, "मंग आमच्या घाण्यावर आता कोण, मी बसू काय?" माय जीपपर्यंत आली. फडक्यात भाकरी होत्या आणि पापडाची चळत. "वारा लागू देऊ नको पापडाले," ती म्हणाली, आणि जीप सुरू झाली.

समुद्र पाहिला. त्याबद्दल इतकंच सांगतो की बादलीसारखा नाही. साहेबांनी वाटेतच मला समजावलं होतं की लोणारचं पाणी नुसत्या मिठाचं नाही, त्यात धुण्याच्या सोड्याच्या जातीचा खार आहे आणि लाख सोड्यात विरघळते. मी ते ऐकलं आणि डोक्यात ठेवलं, पण ते घराशी जोडलं गेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आलो तेव्हा माय पापड करत होती. तिने फळीवरून बरणी घेतली, आणि झाकण काढायच्या आधी लाखेच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि खुंटीला अडकवल्या. मी चुलीशी बसून ते पाहिलं. आयुष्यभर पाहिलेलं त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"माय," मी म्हटलं, "लोणारच्या खारात लाख राहत नाई, हे तुले माहीत होतं."

"हाव."

"मंग आम्ही निघालो तव्हा सांगतलं काऊन नाई?"

ती खार पाण्यात घोळत राहिली. "खामगाव जवळ पडते," ती म्हणाली.

बाहेर बाबा नव्या कोंबड्याला हाका मारत होते. मी फळीवरच्या दोन बरण्यांकडे पाहिलं. एकीशेजारी एक, सारख्याच.

"अन् मंग साहेबाच्या गंजात मीठ काऊन टाकलं? खार तं बाजूलेच होता. तुह्या हातात आला होता, म्या झाकण ऐकलं."

मायने पिठात हात घातला.

"साहेबानं मीठ मागतलं होतं," ती म्हणाली.